पाच वाजता अक्कोरु गप्प बसायच्या

गेल्या पावसाळ्यापर्यंत आमच्या गल्लीत एक नियम होता. संध्याकाळी पाच वाजले की सायकलची घंटा वाजवायची नाही. भाजीवाल्यानं गाडा खुशाल न्यावा, पण तोंड मिटून. कुणाच्या कुकरची शिटी झाली तर त्या घराच्या दिशेनं एक हात वर व्हायचा, चौकातल्या पोलिसासारखा, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर जायचं. का म्हणून विचारलं तर कुजबुजत उत्तर यायचं, "ती बिथरते."

ती म्हणजे एक जनावर. जनावर राहायचं टॅबमध्ये. टॅब असायचा व्हरांड्यातल्या स्टुलावर, पोह्याच्या डब्याला टेकवलेला. आणि समोर वेताच्या खुर्चीत, पाठ ताठ करून, अक्कोरु.

आमच्याकडं धारवाडात शाळेतल्या बाईंना अक्कोरु म्हणतात. कानडी माणसं म्हणतात, त्यांचं ऐकून आम्ही मराठी माणसं पण म्हणतो. यांचं नाव कुमुद. पण त्या नावानं हाक मारणारी सगळी माणसं आता फोटोत आहेत, म्हणून केलगेरी तळ्याकडच्या आमच्या गल्लीत त्या नुसत्या अक्कोरु. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. आवाज असा की त्या पाढे म्हणवून घ्यायला लागल्या की तळ्यावरचे बगळे उडतात, असं माझी बायको म्हणायची. आणि अशी बाई एका चित्रातल्या जनावराला त्रास होऊ नये म्हणून कुजबुजत बोलते, हे बघायला लांबलांबची माणसं गल्लीतून मुद्दाम जायची. कानडी शेजाऱ्यांनी त्या जनावराचं नाव ठेवलं होतं 'अक्कोरूंची एम्मी'. एम्मी म्हणजे म्हैस. अक्कोरूंना ते आवडायचं नाही.

"नाव ठेवायचा अधिकार आपल्याला नाही," म्हणायच्या. "तिनं सांगितलंय का तुम्हाला नाव? मग?"

त्या खेळाला शेवट आहे. शेवटी जनावर निघून जातं. हे अक्कोरूंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून त्या शेवटच्या पायरीवर अडून बसल्या होत्या. सगळी भानगड तीच. पण ते पुढं येईल.

आधी माझं दोन ओळीत सांगतो. मी बाबू. हुबळीला दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात उभ्यानं नोकरी केली. शिक्षण पाचवी. तोंड फटकळ. गिऱ्हाईक बाईला तोंडावर सांगायचो, "हा रंग तुम्हाला शोभत नाही, ठेवा खाली." मालक डोकं धरायचा. पण त्याच बाया पुढच्या सणाला "ते तोंडाळ कुठं आहेत?" म्हणून मलाच शोधत यायच्या. माझी बायको शांता गेल्या वर्षी गेली. दवाखान्यात काचेच्या आत होती, मी बाहेर. आत सोडत नव्हते. मग बाहेर आणली ती झाकूनच. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

शांताचे दिवस झाल्यावर अक्कोरूंचा एक डबा माझ्याकडं राहिला होता. तो परत द्यायला गेलो तो नेमका पाच वाजता; शांताच्या धावपळीत मला त्या नियमाचा पत्ता नव्हता. फाटक उघडलं, कडी वाजली, तर व्हरांड्यात अक्कोरु हात वर करून बसलेल्या, तोंड अर्धं उघडं, डोळे एका जागी. मला वाटलं, बाईला वारं गेलं अंगावरून.

"अक्कोरु, डॉक्टरला बोलवू काय?"

"शू! बस खाली. सावकाश. गुडघे वाजवू नको."

"गुडघे मी वाजवत नाही. ते आपले आपण वाजतात."

"मग उभा राहा. पण श्वास हळू घे."

मी उभा राहिलो आणि वाकून बघितलं.

आता त्या खेळाबद्दल मला काय वाटलं ते सांगतो. नाव सांगता येत नाही, इंग्रजीत होतं. सगळं शिसपेन्सिलीनं काढल्यासारखं. एक डोंगर, एक पाण्याची रेघ, वारा आहे हे कळायला थोडं गवत. रंग नाही, बोलणं नाही, मारामारी नाही. काडीएवढा एक माणूस, तो आपण. आणि ते जनावर. अंग रेडकाचं, कान सशाचे, चाल नव्या नवरीची, दोन पावलं पुढं आणि एक मागं. आपल्याला तीनच गोष्टी करता येतात. चालायचं, बसायचं, नाहीतर हाक मारायची. हाक म्हणजे तांब्याच्या तोंडात फुंकर घातल्यासारखा एक आवाज. बस. कापडाच्या भाषेत सांगायचं तर कोरं मांजरपाट. छापा नाही, किनार नाही. असं कापड गिऱ्हाईक हातात घेतं आणि लगेच खाली ठेवतं. पण वैशाखात एकदा अंगाला लागलं की मग दुसरं काही नको वाटतं.

त्या दिवशी मी बराच वेळ बघत होतो. काहीही झालं नाही. जनावर गवतात बसलं होतं, काडीचा माणूस लांब बसला होता. काही झालं नाही आणि मला उठवेना.

हा टॅब अक्कोरूंना त्यांच्या बेंगळुरूच्या भाच्यानं दिला, तोंड बघून बोलता यावं म्हणून. खेळ पण त्यानंच घालून दिला. अक्कोरूंनी आधी त्याची फोनवर चांगली खरडपट्टी काढली, ती सगळ्या गल्लीनं ऐकली.

"मार्क कुठं दिसतात यात?"

भाचा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

"मार्क नसतात? मग पास की नापास हे कळणार कसं?"

पुन्हा काही तरी.

"कळत नाही म्हणजे? असला कसला खेळ! वेळ लावून देत नाहीत, पेपर तपासत नाहीत. सगळा गबाळा कारभार!"

पण सोडला नाही. अक्कोरूंनी आयुष्यात अर्धवट काही सोडलं नाही. त्या जनावराला वळण लावायला बसल्या. हाकेचं बटण शाळेच्या घंटेसारखं दाबायच्या, वर तोंडानं, "इकडं ये! सरळ उभी राहा! इकडं तिकडं काय बघतेस?" जनावर दिसेनासं व्हायचं. मग इंग्रजीत रागावून बघितलं. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण भाषाच चुकतोय. आमच्या मराठी घरांत हे असंच आहे. माणसं घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलतात, पण गोठ्यात गेलं की कानडी. इथल्या म्हशीला मराठीत 'ये' म्हटलं तर ती मान वर करत नाही. म्हणून अक्कोरु टॅबसमोर "बारव्वा, बारव्वा" सुरू झाल्या. ये गं बाई, ये.

पुढं नियम लागू झाल्यावर मी एकदा म्हटलं, "अक्कोरु, त्या टॅबला कान नाहीत. एवढं मला पाचवीवाल्याला पण कळतं."

"तुला काय ठाऊक?"

"मग भाजीवाल्याला का गप्प करता? त्याचं गिऱ्हाईक जातंय."

"मला ऐकू येतं ना. मी बिथरले की माझं बोट हलतं. बोट हललं की ती बिथरते. साधं त्रैराशिक आहे."



जनावर जवळ आलं ते कानडीनं पण नाही. अक्कोरूच सांगायच्या. एक दिवस त्या कंटाळल्या, काडीचा माणूस डोंगराखाली तसाच बसवून ठेवला आणि शेंगा फोडत बसल्या. शेंगा संपल्यावर बघतात तर जनावर त्या माणसाला पाठ लावून झोपलेलं. "मी काही केलंच नाही रे," हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू गणित सोडवलं नाही आणि उत्तर बरोबर आलं. त्या दिवसापासून पाचचा नियम लागू झाला.

मी रोज जायला लागलो. कशाला, असं कुणी विचारलं तर सांगायचो, डबा द्यायला. डबा कधीच देऊन झाला होता. त्या चहा द्यायच्या, मी बसायचो, दोघं गप्प. शांता असताना मी या बाईच्या व्हरांड्यात कधी टेकलो नव्हतो. समोर बसलं की त्या पाढे विचारतील की काय अशी मला भीती वाटायची. शांताचं मात्र त्यांच्याशी जमायचं.

एक दिवस अक्कोरूंनी टॅब माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "धर. शिक्षक रजेवर असला की वर्ग कुणी तरी सांभाळायला पाहिजे." आणि आत पोळ्या लाटायला गेल्या. माझी बोटं जाड. मला चालता येईना, हाक मारता येईना. म्हणून बसलो. जनावर लांबून बघत होतं. मी पण बघत होतो. शांता गेल्यापासून मला बसण्याचा चांगला सराव झाला होता. मग ते उठलं, सरळ आलं आणि त्या काडीच्या माणसाच्या मांडीवर तोंड टेकून पडलं.

अक्कोरु लाटणं घेऊन बाहेर आल्या. बघितलं. तोंड एवढंसं झालं.

"मला किती दिवस लागले! आणि तुझ्याकडं पहिल्याच दिवशी? काय दिलंस तिला?"

"काही नाही. बसलो."

"नुसता?"

"नुसता."

"कॉपी केलीस."

"कुणाची करू? इथं आहे कोण?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मिळाला, पण बशीशिवाय. बशीशिवाय चहा म्हणजे अक्कोरूंचा राग, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मग ज्येष्ठात मातीच्या बैलांची अमावस्या आली. ज्यांच्या घरी जनावर नाही अशी माणसं त्या दिवशी कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणतात, पाटावर बसवून हळदकुंकू वाहतात, गोड कडबूचा नैवेद्य दाखवतात. अक्कोरूंनी पाटावर बैल मांडले आणि बैलांशेजारी टॅब मांडला. चालू करून.

मी म्हटलं, "हे काय नवीन? ते जनावर खरं आहे का?"

"आणि हे बैल? शेण घालतात का? औत ओढतात? मातीला नमस्कार चालतो आणि काचेला चालत नाही, हे कुठल्या पुस्तकात आहे ते दाखव."

मी काय दाखवणार. पुस्तक म्हटलं की माझी बाजू पडते.

त्यांनी बोट कुंकवात ओलं केलं आणि जनावराच्या कपाळाला लावायला गेल्या. म्हणजे काचेला. काचेला बोट लागलं की तो काडीचा माणूस चालतो, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यातून गेलं. ओल्या कुंकवाचा ठिपका काचेवर राहिला. टॅबला वाटलं बोट दाबूनच धरलंय. माणूस धावत सुटला, सरळ जनावराच्या अंगावर. जनावर उठलं, कान मागं, आणि टेकडीपलीकडं. अक्कोरु पदरानं पुसायला लागल्या तर पदर लागून हाकच सुरू झाली, एकामागून एक, घंटा अडकल्यासारखी.

सगळं पुसून झालं तेव्हा तिथं कोरा डोंगर होता. पाटावर बैल होते. कडबू गार होत होते.

"देवाला सुद्धा लांबून नमस्कार करतात, अक्कोरु," मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण माझं तोंड.

"जा घरी," म्हणाल्या.

जनावर परत यायला बरेच दिवस गेले. तोवर त्यांनी गोड खाल्लं नाही. त्या दिवसांत पण मी जाऊन बसायचो. आलं तेव्हा अक्कोरूंनी टाळी वाजवायला हात उचलले, आठवण झाली, आणि टाळी न वाजवता हात तसेच एकमेकांवर ठेवले.

श्रावणात त्या दोघी, अक्कोरु आणि ते जनावर, खेळातल्या टेकडीच्या टोकाला पोचल्या. तिथं लांबवर तसलीच आणखी जनावरं दिसतात, अगदी बारीक रेघांची. ती बघून हे जनावर निघतं. निघतं पण हळू, थांबत थांबत. भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, "आत्या, तिथं हाक मारायची नाही. नुसतं उभं राहायचं. ती गेली की खेळ संपला."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही. संपला."

अक्कोरूंनी फोन ठेवला आणि रोज एकच करायला लागल्या. जनावर निघायचं, अर्ध्या वाटेवर पोचायचं, आणि अक्कोरूंचं बोट हाकेवर जायचं. जनावर वळायचं, धावत यायचं, पाठ लावून बसायचं. अक्कोरु माझ्याकडं बघायच्या, वर्गात पहिला नंबर आल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी काही दिवस बघून घेतलं.

मग एक दिवस मला सहन झालं नाही. "जाऊ द्या की तिला. येते म्हणून रोज बोलवायचं? तिची माणसं तिकडं उभी आहेत."

"तुला काय त्रास होतो?"

"होतो."

"तुला हेवा वाटतो, बाबू."

खरं होतं ते. मी म्हटलं, "वाटतो. तुमचं बोलावलेलं परत येतं. मला हाक मारायला पण मिळाली नाही. मी काचेच्या बाहेर उभा होतो." आणि उठलो. फाटकाची कडी मुद्दाम वाजवली.

त्यानंतर मी गेलो नाही. पाच वाजता घरात बसायचो. गल्ली शांत असायची आणि तेवढ्यानंच कळायचं की तिकडं काय चाललंय. निघालं असेल. अर्ध्या वाटेवर असेल. आता बोलावलं असेल.

एका दुपारी माझं फाटक वाजलं. अक्कोरु. हातात छत्री, काखेत टॅब, पंच्यात गुंडाळलेला, बाळासारखा. शांताच्या तेराव्यानंतर त्या पहिल्यांदा माझ्या दारात आल्या होत्या.

"बॅटरी फुगलीय," म्हणाल्या.

पंचा काढून दाखवला. पाठीचं झाकण पुरीसारखं वर आलं होतं. स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवून आल्या होत्या. तो म्हणाला, आता चार्जिंगला लावायचं नाही, पेट घेईल. सामान मिळत नाही. आहे तेवढं चालवा आणि द्या टाकून.

"नव्यावर घेता येत नाही हा खेळ?"

"येतो. पहिल्यापासून. भाचा म्हणतो त्यात काय एवढं." त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. "पहिल्यापासून म्हणजे ती मला ओळखणार नाही, बाबू."

"किती चालेल आता?"

"लाल झालंय."

"मग इथं कशाला आलात? घरी बसून सोडायची तिला, नीट. नाहीतर मध्येच बंद पडेल आणि मग ती गेली पण नाही आणि राहिली पण नाही."

"तेच सांगायला आले." मग नेहमीच्या आवाजात, "मला एकटीला जमायचं नाही. माझं बोट जातं."

मी त्यांना आत घेतलं. टॅब शांताच्या शिवणाच्या मशीनवर उभा केला, साखरेच्या डब्याला टेकवून. अक्कोरूंना लाकडी खुर्ची दिली. चहा ठेवला, कारण आलेल्या माणसाला चहा ठेवायचा एवढं मला येतं. ओतून आणला तर अक्कोरु खुर्चीवर वेगळ्याच बसलेल्या. दोन्ही हात मांड्यांखाली. हातांवर सगळा भार टाकून, मागच्या बाकावरच्या मुलीसारख्या.

"हे काय?"

"शिक्षा," म्हणाल्या. "तू सुरू कर."

मी सुरू केलं. टेकडी आली, गवत आलं, ती आली. काडीच्या माणसाजवळ थोडा वेळ बसली. मग तिला ती लांबची जनावरं दिसली आणि उठली. अक्कोरूंचे खांदे हलले. हात हलले नाहीत.

"मॅट्रिकच्या मुलींच्या निरोप-समारंभाला मी एकदा सुद्धा गेले नाही," त्या टॅबकडं बघतच म्हणाल्या. "दर वर्षी त्या दिवशी मला ताप यायचा."

"काढलेला?"

"नाही रे. खरा. थर्मामीटर लावून बघितला होता. मुली घरी यायच्या पेढे घेऊन, मी दार उघडायची नाही. वर्षभर म्हणायची, कधी एकदा जाता! आणि त्या दिवशी पांघरूण घेऊन पडायची."

मलाही त्यांच्याबद्दल एवढं ठाऊक नव्हतं. शांताला असेल.

जनावर अर्ध्या वाटेवर पोचलं. तिथं ते रोज वळायचं, कारण रोज हाक यायची. आज हाक आली नाही. तरी ते थांबलं. मान वळवली आणि उभं राहिलं. कान पुढं. वाट बघत होतं. त्या खेळात तोंडाच्या जागी चार रेघा आहेत, त्यात काय दिसणार, पण बघत होतं ते नक्की. हाक मारली असती तर आलं असतं. धावत आलं असतं.

आणि इथं मी जे आहे ते सांगतो. बोट माझं गेलं. अक्कोरूंना मी इतके दिवस शहाणपण शिकवलं, आणि माझंच जाड बोट त्या हाकेच्या बटणाकडं निघालं. मला वाटलं, एकदा. एकदाच येऊ दे. मग जाऊ दे.

"बाबू," अक्कोरु म्हणाल्या. बगळे उडवणारा आवाज नव्हता तो. "हात खाली."

मी हात खाली घेतला. कुठं ठेवायचा कळेना, म्हणून त्यांच्यासारखाच मांडीखाली घातला.

आम्ही दोन म्हातारी माणसं हातांवर बसून बघत राहिलो. ती बराच वेळ उभी होती. मग तिचा एक कान हलला. मग ती वळली आणि चालायला लागली, आणि या वेळी दोन पावलं पुढं एक मागं असं नाही, सरळ. बारीक झाली. रेघ झाली. त्या बाकीच्या रेघांत मिसळली आणि मग त्यातली तिची कुठली ते मला ओळखता येईना.

"कुठली आहे?" मी विचारलं.

"डावीकडून दुसरी," अक्कोरु म्हणाल्या. जराही न थांबता.

मग टॅब काळा झाला. खेळ संपला म्हणून की बॅटरी संपली म्हणून, ते आम्हाला कळलं नाही. काळ्या काचेत आमची दोघांची तोंडं दिसायला लागली. बाहेर कुणी तरी सायकलची घंटा वाजवत गेलं. अक्कोरूंनी मान सुद्धा वळवली नाही.

मग म्हणाल्या, "उद्या पाच वाजता काय करायचं रे?"

मला खोटं सांगता येत नाही. मी म्हटलं, "ठाऊक नाही. मला तर चार वाजल्यापासूनच काही नसतं. चारला शांता उठायची, आवाज व्हायचे घरात. आता पाचपर्यंत मी भिंतीकडं बघतो. तुम्ही चारला या."

"बघते," म्हणाल्या. शाळेत रजेच्या अर्जावर म्हणत असतील तशा.

मग चहा घ्यायला हात काढायला गेल्या तर हात निघेनात. इतका वेळ भार टाकून बधिर झाले होते. कसेबसे ओढून काढले, बोटं वाकडीच राहिली, कप धरवेना. कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्या वयाच्या आणि त्या स्वभावाच्या बाईला मागणं किती जड जातं ते मला दिसत होतं, म्हणून मी त्यांना मागायला लावलं नाही. चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्या तोंडाशी धरली.

"हलवू नको," म्हणाल्या.

चहात साखर जास्त पडली होती. मला अजून अंदाज येत नाही, ते काम शांताचं. अक्कोरूंनी सावकाश सगळी बशी संपवली. ओठ पुसायला हात उचलायला गेल्या, तो उचलेना, तसाच राहू दिला.

"आणखी आहे का?" म्हणाल्या.